ताईच्या पेशी

३ नोव्हेंबर, हॅम्बर्ग
अखेर आज ताईच्या मूळ पेशी मला चढवल्या. केमोने माझा ल्युकेमिया मारला, सोबत पांढऱ्या पेशीही सगळ्या गेल्या. अंगात आता पहारेकरी एकही नाही, म्हणून ही एकट्याची खोली. माझ्यासाठी नाशिकहून आलेली ताई मास्क लावून पिशवीशी बोलत होती, "सरळ हाडात जा गं बायांनो, वाटेत गप्पा मारत बसू नका." तासाभरात पिशवी संपली.

४ नोव्हें.
डॉक्टरबाईंना विचारलं, शिरेत सोडलेल्या पेशी हाडात कशा जाणार? म्हणाल्या, आधी रक्ताबरोबर हृदय, फुप्फुस, सगळीकडे फिरतात. हाडातल्या मज्जेतून रसायनाची हाक येते. तिथे शिरेच्या भिंतीला चिकटून फटीतून आत शिरतात. मग घर करायचं, नव्या पांढऱ्या पेशी जन्माला घालायच्या. रस्ता कोणी दाखवत नाही. पण पत्ता सापडला तरी घर मिळतं का, हे हॅम्बर्गमध्ये मला विचारा.

७ नोव्हें.
ताई गेली. रजा संपली तिची. काचेतून हात केला. निम्मी ताई माझ्यातच ठेवून गेलीये, तरी रडू आलं. नर्सला सांगितलं, औषधाने डोळे चुरचुरतात.

१० नोव्हें.
पेशी चढवल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने सोसायटीभर पेढे वाटले म्हणे. "पोरगा बरा झाला." आज दिवसभर अभिनंदनाचे फोन. काका, शेजारचे, कोण कोण. थँक यू म्हणत बसलो. तोंडात फोड, पाणी गिळवत नाही. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी शून्य. अजून काहीच झालेलं नाही, हे आईला कसं...
नाही सांगितलं.

१४ नोव्हें.
शून्य. थोडा ताप. "नॉख निश्ट," नर्स म्हणते. अजून नाही. इथे येणारा प्रत्येकजण मास्कमध्ये. अख्खा चेहरा बघून किती दिवस झाले. फार एकटं वाटतं.

१७ नोव्हें.
सकाळपासून कंबर आणि छातीचं हाड ठणकतंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशी पोचून कामाला लागल्या असतील. किंवा पेशी वाढवायच्या इंजेक्शनमुळे असेल. उद्याच्या रक्तात बघू.
आईचा फोन. "काही दुखत नाही ना रे?" नाही म्हणालो, सवयीने.
मग ताईला लावला. तिला सगळं सांगितलं. पेढे, शून्य, ताप, आणि आता हे हाडातलं दुखणं, ज्याचा अर्थ अजून कोणालाच माहीत नाही. भीती वाटते, हेही.
ताई म्हणाली, "दुखू दे."
फोन दोघांनीही ठेवला नाही.