उलटी बाजू कुठली?

बाई, आज ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या दुकानात एका नवरीने तुमच्या कशिद्याचं जॅकेट अंगात घातलं, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये. शेवटी कापायचं कापड बाजूला सारलं आणि हे लिहायला बसले.

तुमचा वर्ग स्वयंपाकघरात भरायचा. ओट्यावर कुकर, खाली चटईवर आम्ही पाचजणी, आणि तुम्ही मेथी निवडता निवडता सांगताय की हे काम तुमच्या आजीचं, कर्नाटकातल्या गावाकडचं. तिथे लेकीला लग्नात काळी चंद्रकळा मिळायची, तिच्या पदरावर गोपुरं, पालख्या, तुळशीवृंदावनं भरलेली असायची. आधी काही छापायचं नाही, कापडाचे धागे मोजत जायचं. सुई जाताना एक घर सोडते, परतताना तेच भरते, म्हणून दोन्हीकडून चित्र सारखंच उमटतं. मी एकोणीस वर्षांची, मला सगळ्याची घाई. रुमालावरची पालखी लवकर संपावी म्हणून मागून गाठी मारल्या. तुम्ही रुमाल उलटा केलात, कात्री घेतलीत आणि माझं तीन आठवड्यांचं काम सगळ्यांदेखत उसवलंत. "मागून कोण बघतंय, असं वाटत असेल तर सुई धरू नकोस," एवढंच म्हणालात. मी चपला घातल्या आणि निघाले, ती परत आलेच नाही. पुढे वागळे इस्टेटमध्ये भरतकामाच्या कॉम्प्युटर मशीनवर लागले, मग हे दुकान काढलं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

आणि यंदा ही डोंबिवलीची मुलगी पणजीची चंद्रकळा घेऊन आली. साडी घडीघडीवर विरलेली, पण पदरावरची गोपुरं शाबूत. रिसेप्शनला घालायच्या काळ्या रेशमी जॅकेटवर तिला हेच काम हवं होतं. मशीनवर दोन दिवसांत झालं असतं. मी हाताने करू असं बोलून बसले आणि घरी येऊन घाबरले. पहिलं गोपूर मी स्वतःच तीनदा उसवलं. चौथ्यांदा सुई बरोबर परतली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले, बाई! मग कल्याणच्या दोघी आणि डोंबिवलीच्या दोघी जमवल्या, त्यांना धागे मोजायला शिकवलं. अडीच महिने आम्ही पाचजणी त्या जॅकेटला चिकटून होतो.

आज ती आरशासमोर उभी आहे. बाही लांब वाटली म्हणून सहज दुमडते आणि थांबते. आतूनही तीच पालखी, तेच भोई. ती दुमड उघडते, पुन्हा घालते, मग माझ्याकडे वळून हळूच विचारते, "काकी, ह्याची उलटी बाजू कुठलीय?" आमच्यातल्या एकीला रडूच फुटलं. मला तर तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटत होती.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. जाताना मुलीच्या आईने विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? तुमचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "बघून बघून आलं." त्या घटकेला ते सगळं कौतुक मला एकटीलाच हवं होतं, बाई.