धामणीचा गज

आप्पा, गेल्या आठवड्यात आपल्या धाकटीनं, तुमच्या लेकीनं, बसवलेला एक गज माझ्याकडे परत आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, वयानं मी तुमच्याही पुढे गेलो, तरी तो गज हातात घेतल्यावर पहिल्यांदा तुमचाच राग आला. म्हणून लिहायला बसलो. पाचवीत शाळा सोडून तुमच्या शेजारी रंधा धरला, त्यामुळे लिहिणं जमत नाही. शिवाय मध्येच उठून दाराची कडी बघून येतो. ही सवय तुम्ही असतानाही होती. तुम्ही म्हणायचा, "कडी काय पळून जाती व्हय रं?"

आपल्या खानापूरच्या बाजूला आता ठासणीच्या बंदुका फार उरल्या नाहीत. डुकरं भातात घुसतात म्हणून लायसन काढून ठेवलेल्या काही आहेत, त्या दसरा जवळ आला की साफसफाईला माझ्याकडे येतात. नळीतून दारू आणि छर्रे ठासायचे, काम झालं की त्याच काठीला चिंधी लावून नळी पुसायची. ती काठी म्हणजे गज. लोकांना वाटतं, काठीच ती, कुणीही करील. मलाही वाटलं होतं. माझा पहिला गज मी सागाच्या फळीतून करवतीनं कापून काढला, काचेनं घासला, अळशीचं तेल पाजलं. असा चमकत होता की तुम्ही शाबास म्हणणार याची मला खात्री होती. तुम्ही तो गुडघ्यावर ठेवला आणि मोडला. तिरकस फाटला, टोक सुरीसारखं. "ठासताना ह्यो असा मोडला तर माणसाच्या तळहातातनं आरपार जाईल. गज कापायचा न्हाय, फोडायचा. धामणीचं झाड उभं फोडलं की लाकडाची नस शेंड्यापासनं बुडापर्यंत एकच राहती." एवढं बोलून तुम्ही पुन्हा कामाला लागलात. मी अजून तिथंच उभा आहे असं कधी कधी वाटतं.

आणि धाकटी उंबऱ्यात बसून चिंच फोडत होती. दोन बंदुका तुम्ही भिंतीला टेकवून ठेवलेल्या, एकीत आधीच चिंधीचा बोळा सारलेला. दोन्हीत गज सोडून मला विचारलंत, "रिकामी कंची?" मी आवाज ऐकलाच नाही, तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो, तिथं काही उत्तर दिसतं का म्हणून. तिनं मान वर न करता सांगितलं, "डावी. उजवी घुम्म वाजली." तुम्ही हसलात. आत चुलीपुढून आई ओरडली, "पोरीच्या जातीला बंदुका कशाला शिकवताय?" तुम्ही म्हणालात, "बंदूक कुठं? काठी शिकवतोय." मग माझ्याकडे वळून, "हिच्या कानात माप हाय बघ." माझ्या कशात काय आहे हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी वाट बघत होतो.

तिचं लग्न काकतीला ठरलं तेव्हा तुम्ही तिला तुमचा चाकू दिलात, शिंगाच्या मुठीचा. गज रिकाम्या नळीत तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी बरोबर जिथं येतो तिथं गोल खूण कोरायची, ती त्याच चाकूनं. खूण तोंडाशी असली तर नळी रिकामी, वर आली तर आत काहीतरी आहे. अडाण्यालाही कळावं अशी खूण. मला तुम्ही घर दिलंत, कामाची जागा, रंधे, पटाशा, गिऱ्हाईक, सगळं दिलंत. बायको मला म्हणायची, "एवढं सगळं मिळालं, आन तुमचा जीव एका चाकूत?" ती हसायची. मी पण हसायचो, आणि मग रात्रीच्या जेवणात मीठ जास्त झालंय म्हणून तिच्यावर डाफरायचो.

तर गेल्या आठवड्याचं. माळावरच्या म्हाताऱ्याचा मुलगा बंदूक घेऊन आला. म्हातारा मागच्या वर्षी गेला. मुलगा बेळगावात कारखान्यात कामाला आहे, लायसन नावावर करून घेता घेता त्याच्या नाकी नऊ आले. म्हणाला, "काका, गज नळीत पुरा जात न्हाय, जरा बघता? खंडेनवमीला पूजेत ठेवायची हाय. पोरं लई मागं लागल्यात, अंगणात दारू न भरता नुसती केप उडवून आवाज काढून दावणार हाय." गज बघताच मी ओळखला. धाकटी एका दिवाळीला माहेरी आली होती तेव्हा तिनं बसवलेला. म्हाताऱ्यानं मला वगळून मुद्दाम तिला सांगितलं होतं. मी नळीत सोडला तर तिची खूण तोंडापासून चार बोटं वर. आप्पा, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी तिचं माप चुकलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. मी गज बाहेर काढून शेगड्यात आवळून धरला, करवत घेतली. पण नुसता कापून काय उपयोग, तिला कळायला नको? त्या मुलालाच फोन लावायला सांगितला आणि आवाज मोठा करायला लावला, त्यालाही ऐकू जावं म्हणून.

"तुझा गज चार बोटं लांब झालाय गं. माणूस तक्रार घेऊन आलाय."

"कंचा गज?"

"माळावरल्या म्हाताऱ्याचा. धामणीचा. आप्पा असते तर गुडघ्यावर मोडला असता."

ती चिडली नाही. "खूण कुठं हाय?"

"वर. नळीच्या चार बोटं वर. तेच तर सांगतोय तुला."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, हातात करवत हाय का तुझ्या?"

"हाय की."

"खाली ठेव. बंदूक भरलेली हाय."

मुलगा पायरीवर बसला. "बाबांनी," एवढंच म्हणाला. डुकरांसाठी भरून ठेवली असणार, आणि मग म्हातारा अंथरुणाला खिळला. मी गज कापला असता तर खूण बरोबर तोंडाशी आली असती, सगळं ठीक दिसलं असतं, आणि खंडेनवमीला अंगणात पोरं कडेनं उभी राहिली असती. मी करवत खाली ठेवली. तिनं फोनवरून सांगितलं तसं केलं: नळीत पाणी ओतलं, पुष्कळ ओतलं, भिजू दिलं, गजाच्या टोकाला पेच लावून हलक्या हातानं फिरवत बोळा ओढला. गोणपाटाचा बोळा, मग छर्रे, मग काळा चिखल. नळी धुऊन, पुसून गज सोडला. टण्ण वाजला, आणि खूण तोंडाशी, केसाचाही फरक नाही. मुलगा माझ्या पाया पडला. मी म्हणालो, "माझ्या न्हाय, काकतीला जाऊन पड." म्हणालो खरा. पोरं वाचली हे कळत होतं, तरी आतून कुणीतरी म्हणत होतं, गज खरंच लांब निघाला असता तर.

रविवारी ती आली. बसमधून उतरताना आता तिला हात द्यावा लागतो. मी कापायला निघालो होतो हे तिनं काढलंच नाही. चहा पिऊन म्हणाली, "एका अर्थी तूच वाचवलंस. फोन केलास म्हणून." ते मला कसं घ्यावं कळलं नाही. मग कमरेच्या पिशवीतून तो चाकू काढला. "धार गेलीया रं. मला आता दिसत न्हाय नीट. लावून ठेवशील?" तुमच्या बोटांनी झिजलेली मूठ, त्यावर तिच्या बोटांची झीज. मी "ठेव तिकडं" म्हणालो, जणू कुणाचा तरी विळा आहे.

आज गुरुवार. कालपासून दोनदा तिचा फोन येऊन गेला, इकडचं तिकडचं बोलली, चाकूचं विचारलं नाही. मीही काढलं नाही. हा कागद तुम्हाला कुठं पोचणार, इथंच भुश्शात पडेल. कडी बघून आलो, लागलेली आहे. धार तर मी रविवारीच, ती परतीच्या बसमध्ये बसल्याबरोबर लावली होती.