देवीचा उजवा हात

मु. रत्नागिरी, गोमाजींच्या घरची मागची पडवी,
गुरुवार, ता. ६ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप कुशाबामामा यांचे सेवेशी, आपल्या बहिणीचा थोरला मुलगा मुरारी याचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा सकाळी देवीच्या खांद्यावरची पाकळी सुटून डावीकडे पडली, त्या क्षणापासून माझे सगळे आयुष्य उलटेपालटे झाले आहे. पण ते पुढे. आधी आपली प्रकृती कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? तांबड्या बैलाच्या खुराला लावलेले औषध लागू पडले का? मी इकडे खुशाल आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी ज्या पडवीत बसलो आहे तिथून ओटीवरचा प्रत्येक आवाज ऐकू येतो, ओटीवर भागोजीराव बसले आहेत, ते खोकले की माझी लेखणी थांबते, आणि परवापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. (ओरडले आहेत. ते बोलण्यात धरत नाहीत.)

बाबांनी आपल्याला काय सांगितले असेल देव जाणे, म्हणून पहिल्यापासून लिहितो. भागोजीरावांची लेक बनू आणि मी, हे प्रकरण आपल्याला ठाऊक आहेच. पोलादपूरपासून महाडपर्यंत ते ठाऊक नसलेला माणूस आता शोधून सापडायचा नाही. पुण्याचे कॉलेज मी तिच्यापायी सोडले असे लोक म्हणतात, ते अर्धेच खरे. दर शनिवारी पुण्याहून पोलादपूरची गाडी धरणाऱ्या मुलाने सोमवारी सकाळी वर्गात कसे हजर राहावे, हे प्राध्यापकांनीच सांगावे. असो. तर भागोजीराव, म्हणजे आपले गिरणीतले जुने सोबती, शेवटी एवढे नरमले की म्हणाले, बनूच्या आजोळी रत्नागिरीस देवी आहे, तिचा कौल घेतल्याशिवाय आमच्या घरातली पोर दिलेली नाही. तिने हो म्हटले तर पुढचे बोलू. बाबा म्हणाले, तिने हो म्हणू दे, मग मी बघतो. म्हणजे दोघेही बाप देवीवर भार टाकून मोकळे! मी कसा मोकळा राहणार? बापलेक ज्या एस.टी.त बसले तीत मीही चढलो. (मला कोणी बोलावले नव्हते, पण गाडी सरकारची आहे.) कशेडीचा घाट चढून उतरेपर्यंत भागोजीरावांनी मागे वळून पाहिले नाही. चिपळूणला चहासाठी गाडी थांबली तेव्हा मला पाहून एवढेच म्हणाले, "तू पण?" मी म्हटले, "मी पण." बनू पदराने तोंड दाबून खिडकीबाहेर पाहत होती. ती हसत होती की घाटाने तिला मळमळत होते, हे मला अजून कळलेले नाही.

रत्नागिरीत बनूचे मामा गोमाजी राहतात. बंदरावरच्या वखारीत कामाला आहेत, अंगाने आडवे, आणि कशावरही हसतात, त्यामुळे सुरुवातीला वाटले की हे आपल्या बाजूचे. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आम्हांला गाव दाखवले. मांडवीची काळी वाळू पाहिली. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राहते आणि माणसे पडावात बसून हेलकावे खात धक्क्याला येतात, तेही पाहिले. ब्रह्मदेशच्या राजाला कैद करून ठेवले होते तो राजवाडा पाहिला. (कैद्याला एवढी दालने आणि एवढा समुद्र! भागोजीरावांनी मला कैदेत टाकले तर गोठ्यापलीकडे काही मिळायचे नाही.) किल्ल्यावरच्या देवीचे (कौलाची देवी वेगळी) दर्शन झाले, दीपगृह झाले. आपण विचाराल, रत्नागिरी कशी वाटली? मामा, समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तोही बनूच्या खांद्यावरून. त्यामुळे समुद्राविषयी जास्त सांगता येत नाही. खांदा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौलाला गेलो. आजोळच्या देवीचे देऊळ माडांच्या बागेत, अगदी किनाऱ्याला लागून. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवली आणि गाऱ्हाणे घातले: बा देवी, तुझी ही लेक त्या घरात सुखी व्हायची असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. मागून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मी ते दोनदा आधीच म्हणालो. गुरवाने दोन्ही वेळा थांबून माझ्याकडे पाहिले. दारातून समुद्राचा वारा येत होता. देवीवर बाहेरचा दाब नको म्हणून मी सरकून दारातच आडवा उभा राहिलो. (यात माझा स्वार्थ नव्हता. वारा कुठल्या बाजूचा हे मला तरी काय माहीत?) पाकळ्या हलेनात. गोमाजी पहिल्यांदाच हसायचे थांबले होते. बनूने डोळे मिटून घेतले होते आणि हात जोडले होते. एक पाकळी किंचित सरकली. थांबली. पुन्हा सरकली. आणि पडली. माझ्या डाव्या हाताला!

आता मामा, आपण आपल्या गावचा कौल किती वेळा पाहिला आहे. गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या उजव्या हाताला पडले की होकार, डाव्याला पडले की नकार. जगात याहून वेगळी रीत असेल हे मला कोण सांगणार? पुढे मी जे बोललो ते थोडक्यात लिहितो, कारण सगळे लिहिले तर हा कागद मामींना वाचून दाखवता येणार नाही. ही देवी पोलादपूरला कधी आली होती का, हिला आमच्यातले काय कळते, असे मी म्हणालो. भागोजीरावांनी गुरवाला आदल्या दिवशीच फितवले, असेही म्हणालो. आणि देवीपुढे ठेवलेला नारळ उचलून असा भिरकावला की तो गाभाऱ्याच्या चौकटीवर फुटला. त्याचे पाणी बनूच्या तोंडावर उडाले. मग मी पळत सुटलो.

पळालो तो सरळ समुद्राकडे, कारण देवळाबाहेर दुसरी वाटच नव्हती. पाण्यात एक खडक होता, त्यावर जाऊन बसलो. आता भरती येते हे मला माहीत नाही असे नव्हे. सावित्रीला भरतीचे पाणी पार दासगावच्या वर चढते. पण नदी गुपचूप फुगते, माणसाच्या अंगावर धावून येत नाही! मी डोके धरून बसलो तोवर खडकाभोवती पाणी झाले. तेवढ्यात पाहतो तर गोमाजी धोतर खोचून किनाऱ्यावरून येत आहेत आणि दोन्ही हात हवेत नाचवत आहेत. लाटांच्या आवाजात शब्द ऐकू येईना. मला वाटले, मारायला आले. म्हणून मी उतरून आणखी आत गेलो. ते आणखी जोराने हात नाचवू लागले, मी आणखी आत. पाणी छातीला लागले, पायाखालची वाळू सरकली, आणि मी तोंडघशी खाली गेलो. मामा, इथे विनोद बाजूला ठेवतो. मला सावित्रीत पोहता येते, पण तिथे वर-खाली कळेना. गोमाजींनी सदऱ्याच्या मानेला धरून ओढले, वाळूवर टाकले, पोटातले पाणी निघेपर्यंत थांबले आणि मग एक मुस्काटात दिली.

"अरे येड्या, होकार हाय! देवीचा उजवा बघायचा रे, तुझा कशाला? लगीन तुझं असलं तरी कौल तिचा हाय ना?"

इथे देवीच्या उजव्या हाताची पाकळी होकाराची धरतात. ती आपल्याकडे तोंड करून बसलेली, त्यामुळे तिचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. भागोजीराव या घरचे जावई, त्यांना हे ठाऊक होते. ते पाकळी पडताच हात जोडून डोळे पुसत होते म्हणे, माझ्याकडे वळून काही बोलणार होते. मी तेवढाही धीर धरला नाही.

आम्ही ओलेचिंब परतलो तर भागोजीराव ओटीवर उभे. म्हणाले, "देवी हो म्हणाली. मी नाय म्हणतो. देवीच्या चौकटीवर नारळ फोडणारा उद्या माझ्या पोरीच्या डोक्यात काय फोडील?" गोमाजींनी "दाजी, पोर बुडता बुडता वाचलाय" म्हणून पाहिले, तर म्हणाले, "मग सुकव नि पाठव." तेव्हापासून मी पडवीत आहे. भिजून ताप आला म्हणून हाकललेले नाही, एवढेच. त्यांचे जेवण उरकले की माझे ताट येते. आणि येत्या मंगळवारी इथल्या कस्टमातला एक कारकून बनूला पाहायला येणार आहे. त्याला स्वतःची सायकल आहे आणि तो म्हणे कधीच चिडत नाही. असली माणसे मला पहिल्यापासून आवडत नाहीत.

बाकी सर्व क्षेम. हे पत्र सहज, खुशाली कळावी म्हणून लिहिले. मागणे काही नाही. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
मुरारी

ता. क. — एक मागणे आहे. आपण सोमवारच्या आत इकडे यावे. भागोजीरावांचा आपल्यावर विश्वास आहे, आपला शब्द ते मोडत नाहीत. आपण माझ्या वतीने त्यांची क्षमा मागावी. पाया पडावे लागले तरी आपल्याला त्यात कमीपणा नाही, आपले मन मोठे आहे. मी मागे उभा राहून मान खाली घालीन. माझ्याच्याने ते शब्द तोंडातून निघत नाहीत. आज सकाळपासून एकट्याने तीन वेळा म्हणून पाहिले, तिन्ही वेळा शेवटी भांडणावर आलो.

पुन्हा ता. क. — वर एक गोष्ट गाळली आहे. काल विहिरीवर बनू भेटली. मी म्हटले, देवी आपल्या बाजूची आहे. तिने आधी कळशी भरली. मग म्हणाली, "देवीचं राहू दे. मी डोळे मिटून तुझ्यासाठीच मागत होते रे, नि तुझा आवाज ऐकला. आमच्या आबांचा आवाज मोठा हाय, पण मला त्याचं कधी भ्या नाय वाटलं. तुझं वाटलं." मी म्हटले, कुशाबामामांना बोलावतो, ते सगळे मिटवतील. तर म्हणाली, "मामा काय जन्मभर आपल्या घरात बसणार हायत? तुला यायचं तर तू ये. नायतर मंगळवार हायच." आणि कळशी डोक्यावर घेऊन गेली.

शेवटचे ता. क. — तर मामा, आपण येऊ नये. वरचे मागणे खोडणार होतो, पण कागद फाटेल. ओटीवर भागोजीराव पुन्हा खोकले. एकटे आहेत, गोमाजी वखारीत गेले आहेत. काय बोलायचे ते अजून ठरलेले नाही. ते ओरडले तर ऐकून घेईन. नाही म्हणाले तरी ऐकून घेईन, आणि उद्या पुन्हा जाईन. शाई वाळायला थांबत नाही. मी उठलो, बाहेर आलो, हे चौकटीला टेकून लिहितो आहे. आता दार ओढून घेतो. हळूच.