येते हं, पिऊ

६ जानेवारी, सोमवार

चाव्या पिठाच्या डब्यात सापडल्या! कपाटाची, टेबलाची, सायकलच्या कुलपाची, सगळ्या. शोधण्यात पाऊण तास गेला. पिऊ शेजारी उभी, कोपरापर्यंत पीठ, आणि चेहरा असा की जणू तिनंच शोधून दिल्या. ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. उचलून घेतलं तर युनिफॉर्मवर पिठाची पाच बोटं.

शेजारच्या चाँदबी खालाच्या कडेवर तिला दिली आणि पळाले. घाईत तोंडातून "जाते" निघालं. उंबरा ओलांडला होता, तरी परत फिरले, "येते हं, पिऊ" म्हणाले, मग गेले. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, ही सासूबाईंची सक्त ताकीद. माझी आईही तेच सांगायची. अडीच वर्षांच्या पोरीची आई झाले तरी ती भीती गेली नाही.

नऊच्या ऐवजी नऊ वाजून दहा मिनिटांनी स्टँडच्या खिडकीत.

८ जानेवारी, बुधवार

आज एका आजोबांनी माझी फिरकी घेतली. स्टँडच्या चौकशी खिडकीत बसणारी मी, माझं काम काय तर कुठली गाडी कधी ते सांगायचं. बीडची गाडी वाटेत पंक्चर झाली होती. आजोबा तीनदा आले, तीनदा मी न बघता "येते, येते" म्हणाले. चौथ्यांदा खिडकीत डोकं घालून म्हणाले, "मॅडम, सकाळपासून तुमी येते-येते करून राह्यल्या. येऊन राह्यली का जाऊन राह्यली, बराबर सांगा की!" मागची सगळी रांग हसली. मीही.

हसू संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. निघताना रोज खालाच्या फोनवर फोन करते. खाला तो पिऊच्या कानाला लावते. मी म्हणते, "पिऊ, निघाले बरं का, येते हं." आणि ती रडायला लागते. आज तर फोन भिरकावला म्हणे. घरी पोचले तर खालाच्या पलंगाखाली जाऊन बसलेली. अर्धा तास बाहेर आली नाही. मी फरशीवर आडवी पडून तिच्याशी बोलत राहिले. ती भिंतीकडे तोंड करून.

११ जानेवारी, शनिवार

लाईट गेली आणि ही टाळ्या वाजवत ओरडली, "लाईट येते!" तिचा बाबा, अंगद, पोट धरून हसला. कारखान्यात रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे तांबारलेले, पण हसला. तिचं सगळं उलटंच. काल गच्चीवरून चिमणी उडाली तर हात हलवून म्हणाली, "चिऊ येते." मी सांगितलं, येते नाही गं, जाते. ऐकते कुठली.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्या म्हणायला फोन केला तर आत्याबाईंनी विषय काढलाच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. जांबला राहतात, शेत आहे, दोन म्हशी आहेत. बोलणं म्हशीच्या दुधासारखं घट्ट.

"रथसप्तमीला येते मी. लेकराचं बोरन्हाण करू अन् मंग घेऊनच जाते तिला. दोन साल राहू दे माझ्यापाशी. दूध हाय, अंगण हाय. तुला ड्यूटी सोडता येत न्हाई, अन् ते लेकरू तुझा फोन आला की रडतंय. चाँदबी सांगत व्हती."

मी "बघू" म्हणाले. खालावर राग आला. मग खालाचा काय दोष? तिनं खरं तेच सांगितलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

कालची सुट्टी. दिवसभर माझ्या अंगाला चिकटून होती. पाठीवर, मांडीवर, पदरात. मी एकदाच उठले, "थांब, हात धुऊन येते" म्हणाले, तर एवढा आकांत की वरच्या घरमालकीण खाली आल्या. लोकांना वाटत असेल, मारते की काय पोरीला.

आज पुन्हा फोन. पुन्हा रडणं. खाला बिचारी म्हणाली, "बेटी, फोन मत कर तू. तेरा आवाज आया की लेकरू बिचकतंय."

माझ्या आवाजाला माझं लेकरू बिचकतं. हे वाक्य लिहायलासुद्धा नको वाटतं.

२२ जानेवारी, बुधवार

हो म्हणून टाकलं. अंगदशी बोलून. तो म्हणाला, "तिकडं तरी हसंल. इथं काय, तू खिडकीत, मी भट्टीपाशी." त्यालाही नको आहे, मला कळतं. बोलताना तिच्या एका बोटाचं नख कापत होता, चारदा तेच बोट.

नोकरी सोडायचा विचार करून झाला. दोनदा परीक्षा देऊन लागलेली नोकरी. सोडली तर पुन्हा मिळायची नाही, हेही खरं. आणि खरं सांगू का, मला ती खिडकी आवडते. ते आजोबासुद्धा आवडतात. हे कुणाला सांगायची सोय नाही.

२५ जानेवारी, शनिवार

तिचे कपडे काढून ठेवले. लाल स्वेटर मनगटाच्या वर आलाय. कधी आखूड झाला?

३० जानेवारी, गुरुवार

हे आजच लिहायचं.

सुट्टी. मी लसूण सोलत बसले होते आणि पिऊ बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला चादरीवर निजवलं. माझी डब्याची पिशवी खांद्याला अडकवली, ती घोट्यापर्यंत आली. माझ्या चपला घातल्या. वाकून बाहुलीचा पापा घेतला आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "येते हं." आणि फटक फटक करत दाराआड गेली.

मला वाटलं, आता येईल परत. आली नाही. मग दाराआडून पाहिलं तिनं, धावत आली, पिशवी टाकली आणि बाहुलीच्या शेजारी पालथी पडून बाहुलीच्या वतीनं रडायला लागली. खोटं खोटं. पण काय रडली! पाय झाडत, तोंड चादरीत खुपसून. रोज माझ्या पाठीमागं ती जशी रडत असेल, तशी.

लसणाची पाकळी माझ्या हातात तशीच राहिली.

येते म्हणजे जाते. तिच्या लेखी येते म्हणजेच जाते! रोज सकाळी मी येते म्हणते आणि दिसेनाशी होते. अंगद येतो म्हणतो आणि रात्रभर दिसत नाही. चिमणी येते, लाईट येते, सगळं जे जातं ते येते म्हणून जातं. पोरगी उलटं शिकली नव्हती. आम्ही जे दाखवलं तेच अगदी बरोबर शिकली होती.

आणि मी रोज संध्याकाळी, दिवसभर वाट पाहून थकलेल्या लेकराच्या कानात सांगत होते — येते हं. म्हणजे अजून लांब जाते हं.

खात्री करायची म्हणून मांडीवर घेऊन हळूच म्हणाले, "पिऊ, येते." दोन्ही हातांनी गळ्याला मिठी मारली तिनं. सुटेना. मी कितीतरी वेळ सांगत होते, न्हाई गं बाई, आई कुठंच जात न्हाई. माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि मधेच हसू.

ती माझ्या आवाजाला बिचकत नव्हती. मी जाऊ नये म्हणून रडत होती. वेडी पोरगी. नाही, वेडी मी.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी तोंडावर आलेला शब्द गिळला. उकिडवी बसले, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "पिऊ, आई जाते. ऊन भिंतीवरून खाली उतरलं की आई आली." जीभ अडखळली. मनातल्या मनात देवाची माफी मागितली. ती रडलीच. पण खालाला म्हणाली म्हणे, "आई जाते," आणि भिंतीपाशी जाऊन बसली.

संध्याकाळी फोनवर म्हणाले, "पिऊ, दार उघड. आई आली."

पोचले तर दारात उभी! खालाचा पदर मुठीत धरून, नाक वाहतंय, पायात माझ्या चपला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आई आली."

खालाला सगळं सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "हमारे में बी जाती नै बोलते गे. मैं बी दुकान जाते वक्त इसको 'आतूं' बोलतूं." मग दोघी हसत बसलो. खालाचे डोळे भरले होते.

२ फेब्रुवारी, रविवार

आत्याबाई आल्या. रथसप्तमीच्या दोन दिवस आधीच. येतानाच मोठी पिशवी, पिऊचे कपडे न्यायला. बोरन्हाण झालं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतल्या, आणि पिऊनं डोळे मिटून तोंड उघडं ठेवलं, काही पडलंच तर पडावं म्हणून.

ही पिशवी रिकामीच न्यावी लागेल, हे अजून बोलले नाही. धीर होत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं. उंबऱ्यात मी म्हणाले, "पिऊ, आई जाते." आत्याबाई चुलीचा चटका बसावा तशा उठल्या.

"काय बोलून राह्यली गं तू? भरल्या घरातून जाते म्हणतेत का? तुझे सासरे जातो म्हणून गेल्ते का घरातून? तरी आले न्हाईत. अन् तू आपल्या तोंडानं म्हणती?"

सासरे मोटारसायकलवरून गेले ते आलेच नाहीत. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ड्यूटीची घाई सोडून मी तिथंच खाली बसले आणि सगळं सांगितलं. बाहुली, चिमणी, लाईट, फोन. शेवटी मी म्हणाले, "आत्याबाई, मी न्हाई पाठवत तिला. तिला मी पाहिजे. मला उशिरा कळलं."

त्या पिऊकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ड्यूटीला जा. उशीर झाला."

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

आत्याबाई दुपारच्या गाडीनं परत निघाल्या. एकट्या. पिशवी रिकामी नको म्हणून मी त्यात तूर डाळ आणि पिऊचा आखूड झालेला लाल स्वेटर घातला.

गाडी लागल्याचं मीच माईकवर सांगितलं आणि खिडकी सोडून बाहेर धावले. खाला पिऊला घेऊन आली होती. आत्याबाई गाडीच्या खिडकीत. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. त्यांनी गज धरला, तोंड उघडलं, मिटलं. चाळीस वर्षं निघताना जो शब्द ओठावर येऊ दिला नाही, तो काही निघेना. पिऊ बघत होती.

"जाते गं बाई," आत्याबाई म्हणाल्या. इतक्या हळू की गाडीच्या आवाजात मला फक्त ओठ दिसले. मग मोठ्यानं, "जाते! पाडव्याला येते!"

पिऊनं हात हलवला. रडली नाही. मी खिडकीत परत जाऊन बसले, पण पुढच्या गाडीचं नाव काही केल्या आठवेना. मला माझ्या सासूबाईंवर एवढी माया कधी आली नव्हती.

३० मार्च, पाडवा

सकाळपासून पिऊ दारात बसून होती. साडेदहाला आत्याबाई आल्या.

१६ जून, सोमवार

अंगणवाडीचा पहिला दिवस. वाटेत मीच तिला चारदा समजावलं, रडायचं नाही. फाटकाशी पोचल्यावर तिनं माझा हात सोडला, पाठीवरची पिशवी सारखी केली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली, मी बसते तशी. मग आपण उंचीला लहान आहोत हे लक्षात आलं म्हणून उठून उभी राहिली. डोळ्यांत बघून म्हणाली, "आई, पिऊ जाते. रडू नको. पिऊ येते."

आणि गेली. आतल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आता निघा तुम्ही, तिकडं गाड्या थांबल्या असतील." मी "येते" म्हणाले आणि फाटक धरून तिथंच उभी राहिले.