मधला टाका

कोथरूड,
रविवार, दुपार

प्रिय सलोनी,

फोनच करणार होतो. पण तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्यावर येतो आणि ठेवून देतो. म्हणून हा कागद. इथून हडपसर ते केवढंसं, तरी पोस्टाला चार दिवस लागतील. लागू देत.

बातमी अशी, की तुझा बाप विणायला शिकला. हसू नकोस. आईच्या डब्यात ती मोरपिशी तिकोनी शाल अर्धी, सुयांवरच राहिली होती. शेजारच्या रुपालीने शिकवलं. मानेपाशी जेमतेम तीन टाक्यांनी सुरुवात होते. मग एकाआड एक ओळीत मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे पाठीवर टोक उतरत जातं. मोजायला मी शाळेतल्या कविता धरल्या. आठवतं, मी म्हणायला लागलो की आई वैतागायची, "अहो, तुमच्या चालीत माझे टाके वाहून जातात!" तसंच झालं. चौथीच्या पुस्तकातल्या एका कवितेत असा रमलो, पानावरचं झाडाचं चित्रसुद्धा दिसायला लागलं, आणि टाके वाढवायचेच राहिले. वीसेक ओळी तशाच गेल्या. शाल पसरायची सोडून आक्रसून बसली.

ती तुझ्यासाठीच होती. तू अभयशी लग्न केलंस त्या महिन्यात आईने सुरू केली. मी म्हणालो, "कोणासाठी? ती या घरात यायची नाही आता." तिने हातातली ओळ पुरी केली, सुया डब्यात ठेवल्या. नऊ वर्षं तो डबा उघडला नाही. जात हा शब्द मी तोंडातून कधी काढला नाही. सुसंस्कृत ना मी! पण आई गेली त्या दिवशीही अभय खाली फाटकापाशी उन्हात उभा होता. मी गॅलरीतून पाहिलं. वर या, म्हणालो नाही.

रुपाली म्हणते, काका, चुकलेलं उसवा, त्यात काय. मला धीर होत नाही. धागा जरा जास्त ओढला गेला तर आईची ओळ सुटेल. तुला तिनेच शिकवलंय. तिचा हात कुठे थांबला आणि माझा कुठून सुरू झाला, तुला बघताक्षणी कळेल. तेवढं माझं उसवायला ये. अभयरावांना घेऊन ये. या वेळी फाटकापाशी मी उभा असेन.

तुझाच,
बाबा