रेकॉर्डिंग चालू असताना

तीर्थरूप आईस,
हेडफोन काढून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं. पायऱ्या उतरताना बाबा तुझा हात धरतात ना?

काल विम्याच्या हेल्पलाइनवर तुझा फोन नेमका मलाच लागला. इथे कॉल रेकॉर्ड होतात, ओळख दाखवली तर नोकरी जाते. म्हणून तुला ‘मॅडम’ म्हणाले.

"नवा कायदा आला की गुडघ्याचं ऑपरेशन विम्यात बसेल," असं मी रोज सगळ्यांना पोपटासारखं सांगते, तुलाही तेच सांगितलं. कायदा काही येत नाही; केंद्र सरकार राज्याकडे बोट दाखवतं, राज्य केंद्राकडे. राजीनामा द्यावासा वाटतो, पण तो दिला तर माझ्या नोकरीवरचा तुझा विमाच जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी तू हळूच म्हणालीस, "घसा बसलाय गं तुझा."

मी म्हणाले, "आणखी काही मदत हवी आहे का, मॅडम?"

हो आई, बसलाय.

तुझीच लेक