शेवटच्या देशाचे गुण

एजवेअर,
८ फेब्रुवारी २०२६

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी अट मान्य. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझं हिअरिंग एड शिट्टी मारून खाऊन टाकतं, म्हणून यापुढे सगळं पोस्टाने. पण आजोबांना वाचून दाखवताना माझ्या मिस्टेक्स दुरुस्त करून वाचायच्या, प्रॉमिस?

न्यूज नंबर एक. मंडळाच्या गुढीपाडव्याला मी क्विझमास्टर आहे! विषय मीच घेतला. युरोपची ती टीव्हीवरची गाण्याची कॉम्पिटिशन, पण फक्त एकच वर्ष, १९९८, बर्मिंगहॅम. कारण बाबा नेहमी सांगतात, मी त्याच संध्याकाळी झाली, व्होटिंग चालू असताना. आजी, त्या वर्षाची ट्रिव्हिया वाचून मी वेडी झाली आहे. आदल्या वर्षी ब्रिटन जिंकला म्हणून ती इथे आली. पंचवीस देश होते. स्टेजवर खराखुरा ऑर्केस्ट्रा वाजला तो शेवटचा. आणि बहुतेक देशांत पहिल्यांदाच साध्या लोकांनी घरून फोन करून मतं दिली. पण हे सगळं गूगल केलं की येतं. मला असा प्रश्न पाहिजे, जो तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या माणसालाच येईल. तू आणि आजोबा बघत होतात ना? काय काय आठवतं?

न्यूज नंबर दोन बरी नाही. क्षितिजच्या आजींनी माझी पत्रिका मागितली, आपण पाठवली, त्यांनीच जुळवून पाहिली, अठ्ठावीस गुण जुळले, सगळं क्लीन. तरी त्या लग्नाची तारीख काढत नाहीत. क्षितिज विषय काढतो आणि त्या उठून किचनमध्ये जातात. तुला माहीत आहे, त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली. रेखाआजींनीच त्याला वाढवला. त्यांच्या मनाविरुद्ध तो लग्न करणार नाही, आणि त्याने तसं करावं असं मलापण वाटत नाही. पण आजी, मला त्याच्याशीच लग्न करायचं आहे.

मोठा पत्र लिही. आजोबांना नमस्कार.

तुझीच,
वरदा


कार्डिफ,
१६ फेब्रुवारी २०२६

चि. वरदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र ‘मोठा’ नसतं गं बाई, मोठं असतं. पण तू लिहिलंस म्हणून चालेल. आजोबांनी तीनदा वाचून घेतलं.

रेखाबाईंचं काय बिनसलंय ते मलाही कळत नाही. हो म्हणून झाल्यावर मुहूर्ताला एवढे आढेवेढे कसले? पण आपण मुलीकडचे, गप्प बसायचं. तू जिवाला लावून घेऊ नकोस, वेळेवर जेवत जा.

आता तुझी ती गाणी. न आठवायला काय झालं! आजोबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण दर वर्षी कागद-पेन्सिल घेऊन मार्क द्यायला बसायचे, जशी काही मेडिकलची तोंडी परीक्षाच. मी आपली मेथी निवडत बघायची. त्या वर्षी त्यांचा माल्टावर भारी जीव. शेवटी-शेवटी तर माल्टा, इस्रायल आणि आपलं ब्रिटन अशी नुसती चुरस लागली. एकच देश राहिला, मॅसेडोनिया. तोही बिचारा पहिल्यांदाच आलेला. आणि त्याने माल्टाला चक्क भोपळा दिला! इस्रायल जिंकलं, आपण दुसरे, माल्टा तिसरं. आजोबा खुर्चीतून उठून ओरडले की, मेल्यांनो, दोन तरी टाकायचे होते! तेवढ्यात फोन वाजला. अंबरीश होता. मुलगी झाली, आत्ता, या मिनिटाला झाली, एवढं म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायलाच लागला. मग काय, माल्टा गेलं उडत.

तेव्हा विचार त्यांना, माल्टाला भोपळा देणारा शेवटचा देश कोणता. बघू कोण सांगतंय.

तुझ्यावर भारी जीव असलेली,
आजी


एजवेअर,
२२ फेब्रुवारी २०२६

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

प्रश्न सुपर आहे! पण त्याच्यामुळे मी आता एका मोठ्या गोंधळात आहे.

आन्सर चेक करायला मी तो सगळा कार्यक्रम पुन्हा पाहिला. रात्री आठला सुरू झाला आणि मॅसेडोनियाने मतं दिली तेव्हा अकरा वाजत आले होते. आणि माझ्या पत्रिकेत जन्मवेळ काय आहे? नऊ वाजून पन्नास मिनिटं! तेव्हा तर गाणीच जेमतेम संपली होती, एकाही देशाने मत दिलं नव्हतं. मी बाबांना विचारलं. ते शपथेवर सांगतात की नर्सने मला त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी कॉरिडॉरमधून लगेच फोन केला. तासभर थांबायला मी काय वेडा आहे, असं म्हणाले. बर्थ सर्टिफिकेटवर बघावं तर इंग्लंडमध्ये जुळी मुलं असली तरच वेळ लिहितात. मी एकटीच आली.

म्हणजे एक तर तुझी आठवण चुकीची आहे किंवा माझी पत्रिका. आजी, मला झोप नाही. आजोबांना विचार ना, प्लीज. पत्रिकेसाठी वेळ त्यांनीच कळवली होती ना?

उत्तराची वाट बघणारी,
वरदा


कार्डिफ,
९ मार्च २०२६

चि. वरदा हिस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

तुझं पत्र वाचून आजोबा आधी माझ्यावरच उखडले. जन्मभर ऑपरेशन थिएटरात भूल दिली, वेळेत कधी चूक झाली नाही, तुझंच काहीतरी माल्टाबिल्टा! मी म्हटलं, मेथीची शपथ, मतं चालू होती. मग दोन दिवस धुसफुस. तिसऱ्या दिवशी चहा घेताना ते हॉलमधल्या भारताच्या घड्याळाकडे बघत बसले आणि एकदम पांढरेफटक पडले.

ते घड्याळ तुला माहीतच आहे, फोनच्या वर लावलेलं. पुण्याला भलत्या वेळी फोन जाऊ नये म्हणून ते कायम तिकडच्या वेळेवर असतं. हिवाळ्यात त्यातून साडेपाच तास वजा केले की इथली वेळ येते. उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून साडेचारच वजा करायचे. अंबरीशचा फोन ठेवला तेव्हा ह्यांच्या नाकासमोर तेच घड्याळ. तीन वाजून वीस मिनिटं. नात झाल्याच्या आनंदात ह्यांनी सवयीने साडेपाच वजा केले आणि तीच वेळ पुण्याच्या गुरुजींना कळवली. मे महिन्यात! तुझा एक तास तिथे गेला बघ.

गुरुजींचा मुलगा आता कॉम्प्युटरवर करतो. त्याला खरी वेळ कळवली. त्याने नवी पत्रिका पाठवली. वरदा, तुला मंगळ आहे. साधा नाही, कडक.

मी हे काही मानत नाही, पण रेखाबाई मानतात, आणि त्या आधीच पाय मागे घेतायत. त्यांना मंगळ कळला तर सगळंच संपलं. तेव्हा ऐक माझं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधीची पत्रिका त्यांच्याकडे आहे, ती राहू दे. ग्रह जिथे होते तिथेच आहेत, आपण कुणाचं काही चोरलेलं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, बोलू नकोस.

आजोबा धड जेवत नाहीत. माझ्यामुळे पोरीचं मोडलं तर, हेच घोकत असतात. त्यांना दोन ओळी लिही.

काळजीत असलेली,
आजी


एजवेअर,
१५ मार्च २०२६

ती. आजीस आणि ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजी, सॉरी. मी शपथ मोडली.

मी ट्राय केलं गं. दोन दिवस गप्प बसली. पण क्षितिजबरोबर वेम्बलीला जेवायला गेली आणि रेखाआजी माझ्या पानात गरम पोळी वाढत होत्या, तेव्हा मी हातातला घास परत ताटात ठेवला. उद्या मी त्यांच्या घरात राहणार आणि रोज त्यांच्या तोंडाकडे बघून हे लपवणार? मला नाही जमणार. मी सगळं सांगितलं. माल्टा, फोन, घड्याळ, मंगळ, सगळं.

त्यांनी तव्यावरची पोळी काढली. गॅस बंद केला, हात पुसले, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. आम्ही तासभर थांबलो. मग अतुलकाका, म्हणजे क्षितिजचे बाबा, म्हणाले की बेटा, आज तू घरी जा. क्षितिज मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. तेव्हापासून तिकडून काही नाही.

आजोबा, तुम्ही जेवायचं. तुम्ही मी झाली म्हणून एवढे खूश झालात की वजाबाकी विसरलात, ह्याच्यात मला राग कशाचा येणार? प्रश्न मीच विचारत बसली. नसता विचारला तर आज तारीख निघाली असती कदाचित. पण मला खूप रडायला येतं.

तुमची,
वरदा


वेम्बली,
२२ मार्च २०२६

सौ. सुनीतीताई यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपली एकदाच भेट झाली, तीही साखरपुड्याच्या बोलण्यापुरती. तरी आज मोकळेपणाने लिहिते आहे. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

परवा पाडव्याला मंडळात तुमच्या नातीला, वरदाला लांबून पाहिलं. हसून प्रश्न विचारत होती, लोक टाळ्या वाजवत होते, पण पोरीचा चेहरा पार उतरलेला. तेव्हाच ठरवलं, आता पुरे झालं.

क्षितिजला मंगळ आहे. कडक. मी ते तुम्हाला सांगितलं नाही.

अतुललाही होता. त्याच्या लग्नात मीच म्हटलं होतं, इंग्लंडात कसला आलाय मंगळ! सून लाखात एक होती, तिला मंगळ नव्हता. क्षितिज चार वर्षांचा असताना ती गेली. आजार होता, डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. डोक्याला पटलं. मनाला आजवर पटलेलं नाही. मग तुमच्या वरदाची निर्मळ पत्रिका आली आणि मला धडकीच भरली. हो म्हणावं तर पोरीच्या जिवाची भीती. नाही म्हणावं तर नातू मोडतो. खरं सांगावं तर तुम्ही मागे सराल. म्हणून तारीख टाळत राहिले. ह्या वयात माझी जीभ रेटली नाही, आणि ही सत्तावीस वर्षांची मुलगी माझ्या टेबलाशी बसून, स्वतःचं लग्न पणाला लावून, घडाघडा खरं सांगून मोकळी झाली!

ती समजली मी रागावले. मी आत देवापुढे बसून रडत होते, ताई. मंगळाला मंगळ मिळाला की दोघांचाही दोष जातो, असं आमच्याकडे मानतात. इतकी वर्षं मनावर धोंडा होता तो उतरला. मग बाहेर यायचीच लाज वाटायला लागली, कारण बाहेर आलं की माझंही खरं सांगावं लागणार होतं. त्यात आठवडा गेला. अतुलला आणि क्षितिजला काल सांगितलं. क्षितिज हे ऐकून आधी माझ्यावर चिडला आणि मग चप्पल न घालताच एजवेअरला निघाला होता, त्याला दारातून परत बोलावलं.

शशिधररावांना सांगा, आता पोटभर जेवा. त्यांच्या हातून तास चुकला नसता आणि आधीच मंगळ कळला असता, तर तुम्ही मुलगी दाखवायलाही कचरला असता.

तारीख तुम्हीच काढा, जितकी लवकरची मिळेल तितकी. आजवर ओळखीपुरता लोभ होता. यापुढे तो नात्याचा असू द्या, आणि तुमची मुलगी मला द्या. ह्या वेळी मी न घाबरता मागते आहे.

आपली,
रेखा